वेदीपुढचं डांगर

‘डांगर तू धर. दोन्ही हातांनी धर,’ आई म्हणाली. ‘आन् मी म्हनल्याबिगर खाली ठिवू नको.’

आम्ही आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर उभे होतो. डांगर म्हणजे लाल भोपळा; आमच्या परसातल्या वेलाचं, पिकून तांबूस झालेलं आणि मोठ्या घागरीएवढं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सायकलच्या कॅरियरला बांधून ढकलत आणलं होतं. मागून आई डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन चालत आली होती, आणि वाटेत त्या पोत्याला तिनं कुणालाही हात लावू दिला नव्हता.

‘अगं, जड आहे ते,’ दादा म्हणाले. ‘रत्नाकररावांकडे दे. ते घेतील.’

‘त्यांचे हात पेटीचे हायेत,’ आई म्हणाली. ‘उगं दुखतील.’

रत्नाकर शेजारीच उभा होता. तो हसला. हसायला त्याला छान यायचं. रत्नाकर म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायची. आता लिहिताना ‘तो’ म्हणते, आणि तसं म्हणायला मला बरं वाटतं.

तो शहरातल्या मोठ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवायचा आणि प्रार्थना तर अशी करायचा की बाया पदरानं डोळे टिपायच्या. पावसाळ्यात मी त्याच्या घरातून निघून माहेरी आले होते, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. आता नोव्हेंबर उजाडला होता आणि तो मला न्यायला आला होता. देवळाच्या आवारात, चिंचेखाली, त्यानं भाड्यानं आणलेली जीप उभी होती. ड्रायव्हर आत झोपला होता. उपासना संपली की मी त्या जीपमध्ये बसायचं, असं ठरलं होतं. ठरवलं होतं दादांनी आणि पाळकसाहेबांनी. मला विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं, पण हो म्हणण्यापुरतंच.

त्या दिवशी हंगामाचा रविवार होता. आमच्या नगरकडच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत हा सण नाताळाच्या खालोखाल. ज्याचं जे पिकलं असेल ते घेऊन यायचं, बाजरीची कणसं, कांदे, ऊस, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, काय असेल ते. एकेका घरानं वेदीपुढे जायचं, आणलेलं ठेवायचं, आणि वर्षातला एक उपकार मोठ्यानं सांगायचा. सांगून झालं की सगळ्या मंडळीनं ‘आमेन’ म्हणायचं. मग पुढचं घर.

यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. वेदीपुढे म्हटलेलं आणि मंडळीनं आमेन म्हटलेलं कुणी मागे घ्यायचं नाही. बांधावरून वर्षानुवर्षं भांडणारे दोन भाऊ एका हंगामाच्या रविवारी असेच एकत्र उभे राहिले होते, आमेन झालं होतं, आणि त्यानंतर तो बांध कुणी कोरला नाही. दुसरं म्हणजे वेदीपुढे ठेवलेलं परत न्यायचं नाही. ते सगळं तालुक्याच्या मुलींच्या बोर्डिंगचं. बोर्डिंगच्या मेट्रन लेआबाई मुलींना घेऊन टेम्पोनं यायच्या आणि उपासना संपली की वेदीपुढचं सगळं टेम्पोत भरून न्यायच्या.

सगळं म्हणजे सगळं. एका वर्षी मंडळीच्या एका पंचांनी आपली नवी कोरी छत्री वेदीला टेकवून ठेवली आणि विसरले. मागायला गेले तर लेआबाई म्हणाल्या, ‘वेदीपुढचं सगळं बोर्डिंगचं.’ पंच रागावले, पाळकसाहेबांकडे गेले, पण काही उपयोग झाला नाही. ती छत्री पुढे मुलींनी तारा निघेपर्यंत वापरली.

आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब आमच्या घरी आले होते. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी चहा घेतला. मनुष्य वाईट नव्हता. भांडणाला फार भ्यायचा, एवढंच.

‘सुवार्ता, बाळ,’ ते म्हणाले, ‘वाईट तेवढंच आठवत बसू नये. देवानं काय काय दिलंय ते बघ. शिकलेला नवरा आहे. सिमेंटचं घर आहे. दारात नळ आहे. किती जणींना हे मिळतं?’

मी त्यांच्यापुढचा रिकामा कप उचलला.

‘उद्या दोघांनी मिळून वेदीपुढे उभं राहायचं. त्यांचा हात धरायचा. देवानं आमचं घर पुन्हा उभं केलं म्हणून उपकार मानायचे. तू म्हणायचं हं, तू. निघून तू आली होतीस ना? मंडळी आमेन म्हणेल, म्हणजे मागचं सगळं मिटलं. मग सरळ जीपमध्ये बसायचं.’

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ‘आन् उभं राह्यलं नसंल तर?’

‘काय?’

‘घर. उभं राह्यलंच नसंल तर?’

‘सगुणाबाई, आधी आभार मानायचे असतात,’ पाळकसाहेब म्हणाले. ‘मग होतं सगळं.’

‘व्हय का,’ आई म्हणाली आणि आत गेली. आत भांडी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

दादा खाली मान घालून बसले होते. माझे वडील म्हणजे शांतवन मास्तर, सगळ्या पंचक्रोशीतल्या पोरांना बाराखडी शिकवलेले. मंडळीत त्यांचा आमेन सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठा असायचा. लोक तर म्हणायचे, मास्तरांचा आमेन ऐकून देवसुद्धा पाटी पुसतो. मुलीनं नांदायचं सोडून घरी बसणं त्यांना सोसत नव्हतं, आणि मला रागानं काही बोलणंही त्यांना जमत नव्हतं. पाळकसाहेब गेल्यावर ते मला एवढंच म्हणाले, ‘एकदा करून बघ, बाळा. बदलतो माणूस.’

आमच्या घरात रात्री जेवायला बसलं की घास तोंडात घालण्याआधी प्रत्येकानं आजचा एक उपकार सांगायचा असा रिवाज होता. तो आईचा. ती बोर्डिंगात वाढलेली, तिथून हे घेऊन आली. तिचे कायदे कडक होते. उपकार आजचाच हवा, कालचा शिळा चालायचा नाही. आणि खरा हवा. लहानपणी मी एकदा ‘देवानं आम्हांला सुंदर सृष्टी दिली’ असं पुस्तकी काहीतरी म्हटलं, तर आईनं माझं ताट मागे ओढलं. ‘आज तुला सृष्टीत काय दिसलं ते सांग,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘कुत्र्याचं पिल्लू.’ ताट परत आलं.

लग्न होऊन गेले तेव्हा मला वाटलं, तिकडे तर आणखी छान असेल. तिकडे जेवणाआधी लांबलचक प्रार्थना व्हायची. रत्नाकर डोळे मिटून, आवाज हलवत, देवाचे आभार मानत राहायचा आणि भाकरी गार व्हायची. मग पहिला घास. भाजीत मीठ कमीजास्त झालं असेल तर ताट भिंतीवर जायचं आणि त्याच्या मागून मी. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज त्याला वाटायला हवी होती. पण मारणं संपलं की तो मला शेजारी गुडघे टेकायला लावायचा, ते मात्र लिहिताना आजही अंग तापतं. ‘म्हण,’ म्हणायचा, ‘प्रभू, मला सुधारणारा नवरा दिलास म्हणून तुझे उपकार मानते.’ मी म्हणायची. ‘आमेन म्हण.’ मी आमेन म्हणायची. खोलीला आतून कडी नव्हती. त्यानंच काढून टाकली होती.

त्यामुळे त्या शनिवारी रात्री आईनं ‘तुहा उपकार सांग’ म्हटल्यावर माझ्या तोंडून शब्द निघेना.

‘राहू दे,’ दादा म्हणाले. ‘उद्या म्हणेल ती देवळात.’

‘उद्या म्हन मग,’ आई माझ्या ताटात कालवण वाढत म्हणाली. ‘पन आपल्या घरातला कायदा ध्यानात ठिव.’

रात्री मी झोपायला मागच्या खोलीत गेले, कडी लावली, लागली का ते ओढून पाहिलं. रोज पाहायची. सकाळी अंघोळ करून आले तेव्हा आई अंगणात पोत्याचं तोंड सुतळीनं शिवत बसली होती.

तर डांगर घेऊन मी आत गेले. देऊळ भरलं होतं. खांबांना ऊस बांधले होते, वेदीच्या पायऱ्यांवर बाजरीच्या पेंढ्या. पुढे सतरंजीवर बोर्डिंगच्या मुली, दोन वेण्या, निळे फ्रॉक, आणि त्यांच्या कडेला लेआबाई, पांढऱ्या लुगड्यात, खांबासारख्या ताठ. बायकांच्या बाजूला आई बसली, पुरुषांच्या बाजूला दादा. मला आणि रत्नाकरला पाळकसाहेबांनी पहिल्या बाकावर बसवलं. लग्नात बसवतात तसं.

‘खाली ठेव ना ते,’ रत्नाकर पुटपुटला.

‘असू दे.’

गाणी झाली. मग एकेक घर पुढे येऊ लागलं. कुणाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली होती. कुणाची म्हैस मरता मरता वाचली होती. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं होतं. बोलणारा थांबला की दादांचा आमेन, त्याच्या मागून मुलींचा आमेन, आणि मग सगळ्या मंडळीचा. मुली ऐकत नव्हत्याच. एकमेकींच्या रिबिनी ओढत होत्या, कोंबडीकडे बघून हसत होत्या, पण बोलणाऱ्यानं श्वास घेतला रे घेतला की एका आवाजात ओरडायच्या. लेआबाईंनी तशी सवयच लावली होती. एका म्हाताऱ्याला मध्येच खोकला आला, तर त्याच्या खोकल्यालाही आमेन मिळाला.

आईनं उठून आपलं पोतं वेदीपुढे नेऊन ठेवलं. ‘शेंगा हायेत,’ म्हणाली. ‘माह्या रानच्या. देवानं दिल्या, मी दिल्या.’

आमेन.

मग पाळकसाहेब उठले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, आज मंडळीत एक मोठा आनंद आहे, एक मोडलेलं घर देवानं पुन्हा जोडलं आहे. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. ‘आधी सुवार्ताबाई बोलतील. मग रत्नाकरराव प्रार्थना करतील.’

आम्ही उठलो. वेदीपुढे गेलो. रत्नाकरनं माझा हात धरायला हात पुढे केला. माझे दोन्ही हात डांगराखाली गुंतलेले. त्यानं कोपर धरायचं बघितलं, तेही नीट जमेना. शेवटी त्यानं डांगरावरच हात ठेवला. बोर्डिंगच्या मुलींतली एक फिस्सकन हसली.

‘खाली ठेव,’ ओठ न हलवता तो म्हणाला.

‘जड नाही,’ मी म्हटलं. मोठ्यानंच म्हटलं. तोवर मला कळलं होतं की आईनं ते माझ्या हातात का दिलं.

मी मंडळीकडे पाहिलं. काय म्हणायचं ते मला पाठ करून दिलेलं होतं. देवानं आमचं घर पुन्हा उभं केलं. एवढंच वाक्य. म्हटलं की आमेन, आमेन झालं की जीप, आणि जीपनंतर ती बिनकडीची खोली. मी तोंड उघडलं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून येईना. खोटा उपकार मी बराच काळ मानत आले होते, पण तो त्याच्या घरात. देवाच्या घरात, आईच्या देखत, मला ते जमणार नव्हतं.

‘आज सकाळी मी चहा घेतला,’ मी म्हटलं. ‘गरम होता. कुणाची हाक आली नाही, उठावं लागलं नाही. शेवटच्या घोटापर्यंत गरम. त्याबद्दल मी देवाचे उपकार मानते.’

‘आमेन,’ दादा म्हणाले. डोळे मिटलेले. मुली ओरडल्या. मंडळीही म्हणाली. पाळकसाहेब थोडे हसले. त्यांना वाटलं, सुरुवात आहे.

‘पावसाळ्यात मी पहाटेच्या गाडीनं इकडे आले. माझ्या एका पायात चप्पल नव्हती. शेजारी एक भाजीवाल्या मावशी होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. पाटी बाजूला ओढली आणि मला खिडकी दिली. त्यांचं नाव मला माहीत नाही. देवाला माहीत आहे. उपकार मानते.’

आमेन. या वेळी बायकांच्या बाजूनं आवाज मोठा आला.

‘सुवार्ता,’ रत्नाकर म्हणाला.

‘गुरुवारी माझ्या हातून वरणात मीठ जास्त पडलं. दादांनी ते खाल्लं, आणि वर दोन तांबे पाणी प्याले. बाकी काही झालं नाही. कुणी उठलं नाही. ताट जागेवरच राहिलं. मी उपकार मानते.’

कुणीतरी हसलं आणि हसता हसता थांबलं. दादांनी डोळे उघडले. या वेळी त्यांचा आमेन आला नाही. मुलींचा आला. मुलींना काय, मी थांबले होते.

‘आमच्या मागच्या खोलीला आतून कडी आहे,’ मी म्हटलं. माझा आवाज हलत होता, पण तो रडण्यानं नव्हे. रागानं हलत होता. ‘रात्री ती लावता येते. लावून झोपता येतं. जिथून मी आले तिथे कडी नाही. त्या घरातून मला देवानं जिवंत बाहेर काढलं. तिकडे मी परत जाणार नाही. त्याबद्दल, आणि एवढ्याबद्दलच, मी या वर्षी देवाचे उपकार मानते.’

मी थांबले.

‘आमेन!’ बोर्डिंगच्या मुली एका सुरात ओरडल्या. आणि त्यांच्या मागून सवयीनं, दर वर्षीच्या त्या लयीत, अख्खी मंडळी म्हणाली, आमेन. म्हणून झाल्यावर काय म्हणून बसलो हे लोकांच्या ध्यानात येऊ लागलं. मागच्या बाकावर कुणीतरी ‘अरे’ म्हणालं. आणि मग, सगळे गप्प झाल्यानंतर, एकट्या माणसाचा एक आमेन आला, घोगरा. दादांचा. जन्मभर तो सगळ्यांच्या आधी यायचा. त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी आला.

‘ठिव आता,’ बायकांच्या बाजूनं आई म्हणाली.

मी डांगर वेदीपुढे ठेवलं. हातांना मुंग्या आल्या होत्या. परत बाकावर जाऊन बसायचं तर रत्नाकरच्या शेजारी बसावं लागलं असतं. म्हणून मी डांगराशेजारीच, बाजरीच्या पेंढ्यांना टेकून, पायरीवर बसले.

‘हे काय चाललंय?’ रत्नाकर म्हणाला. त्याचा तो हलणारा आवाज गेला होता, घरातला आवाज आला होता. ‘पाळकसाहेब, ही काय उपकारस्तुती झाली? चार लोकांत माझी अब्रू काढायची? ऊठ. ऊठ म्हणतो ना.’

मंडळीनं तो आवाज ऐकला. त्यानं मला काखेखाली धरलं आणि ओढलं.

‘त्याला हात लावायचा न्हाई,’ लेआबाई म्हणाल्या.

त्या कधी उठल्या ते मी पाहिलं नव्हतं. पांढरं लुगडं सावरत त्या येऊन समोर उभ्या राहिल्या.

‘ही माझी बायको आहे,’ रत्नाकर म्हणाला.

‘आसंल. वेदीपुढचं सगळं बोर्डिंगचं.’

कुणी तरी खुदकन हसलं. छत्रीवाले पंच तिसऱ्या बाकावर बसले होते, ते मात्र हसले नाहीत.

‘लेआबाई, ही थट्टेची वेळ नाही,’ पाळकसाहेब म्हणाले.

‘मी थट्टा करीत न्हाई, साहेब. वेदीपुढं ठिवलेलं कुनी माघारी नेतं का? ती तिथं बसलीया. आपल्या पायानं बसलीया. वेदीपुढं म्हनलेलं कुनी माघारी घेतं का? ती म्हनली जानार न्हाई. मंडळीनं आमेन म्हनलं. तुम्ही बी म्हनलं, मी बघितलं.’

पाळकसाहेबांनी खरंच म्हटलं होतं. ते ओठ चावत उभे राहिले. मग त्यांनी पुरुषांच्या बाजूला पाहिलं. आता ते कुणाला विचारणार हे मला माहीत होतं.

‘मास्तर, तुम्ही बाप आहात,’ ते म्हणाले. ‘तुम्ही सांगा मुलीला. तो आमेन चुकून झाला, हो की नाही?’

दादा उठून उभे राहिले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. माझ्याकडे पाहिलं. गुरुवारचं ते वरण त्यांनी न बोलता खाल्लं होतं, पण मी ते का सांगितलं हे त्यांना आत्ता कळलं होतं. माहेरी आल्यापासून मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

‘मंडळीचा चुकून झाला असेल, पाळकसाहेब,’ ते म्हणाले. ‘माझा चुकून नव्हता. मी समजून म्हटला.’

आणि ते खाली बसले.

उपासना कशी संपली ते मला नीट आठवत नाही. गाणं झालं, आशीर्वाद झाला, रत्नाकर मध्येच उठून बाहेर गेला. मग लेआबाईंनी टाळी वाजवली आणि मुली रांगेनं उभ्या राहिल्या. ऊस, कांदे, अंडी, कोंबडी, एकेक वस्तू हातोहात टेम्पोत चढली. आईचं पोतं दोन मोठ्या मुलींनी उचललं.

‘तू काय बघतीस?’ लेआबाई मला म्हणाल्या. ‘वर चढ. डांगर मांडीवर घे, न्हाईतर गडगडंल.’

मी चढले. आई टेम्पोपाशी आली. मला वाटलं, ती काही बोलेल. तिनं माझ्या पदरावरचं बाजरीचं कुसळ काढलं, बस्स. रत्नाकर जीपला टेकून उभा होता. ‘किती दिवस राहशील?’ तो लांबूनच म्हणाला. ‘यावंच लागेल.’

‘जेवणाची वेळ झाली,’ मी टेम्पोवाल्याला म्हटलं. ‘मुलींना भूक लागली असेल. निघा.’

टेम्पोचा फाळका दादांनी लावला. दोन्ही बाजूंच्या खिट्या बसवल्या, घट्ट बसल्या का ते ओढून पाहिलं, आणि परत एकदा ओढून पाहिलं.

रत्नाकर त्यानंतर बोर्डिंगच्या फाटकापर्यंत आला होता, दोन-तीनदा. लेआबाईंनी त्याला आत घेतलं नाही. मी तिथे आधी स्वयंपाक केला, मग शिवण शिकवलं, आणि लेआबाई थकल्यावर मेट्रन झाले. पुढचे किती तरी हंगामाचे रविवार मी वेदीपुढे उभी राहिले आहे. मी उठले की प्रत्येक नवा पाळक जरा दचकतो. कुणीतरी त्याला सांगून ठेवलेलं असतं. उपकार मोजून दाखवणारे लोक मला आजही भेटतात. नळ आहे, घर आहे, नवरा आहे, म्हणतात. मी म्हणते, देवाचे आभार मी मानीन, तुमचा हिशेब देवाच्या नावावर घालणार नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं. दुपारी बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात लेआबाईंनी आईच्या पोत्याची सुतळी कापली आणि पोतं उपडं केलं. वर शेंगा होत्या, दोन-तीन सुपं भरतील एवढ्या. शेंगांच्या खाली माझी दोन लुगडी निघाली, घडी घातलेली. कंगवा. माझ्या चपला, नव्या. आणि जुन्या चिरगुटात बांधलेलं जड काहीतरी. मी गाठ सोडली.

आमच्या मागच्या खोलीची कडी होती. कोयंड्यासकट, खिळ्यांसकट. सकाळी मी अंघोळीला गेले असेन तेव्हा तिनं ती उपसून काढली असणार. देवळात मी काय बोलणार हे तिला ठाऊक नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं. पण माझं सामान तिनं आधीच देवाला देऊन टाकलं होतं.

‘तुम्हांला माहीत होतं?’ मी लेआबाईंना विचारलं.

‘तुही आई आन् मी ह्याच बोर्डिंगात एका ताटात जेवलो,’ त्या म्हणाल्या. ‘देवळात पोतं ठिवताना तिनं माह्याकडं बघितलं. मी म्हनलं, एवढ्या शेंगा हिच्या रानात कवा पिकल्या?’

त्यांनी मला कोपऱ्यातली खोली दाखवली. हातोडी सापडेना, म्हणून वरवंटा आणला, आणि स्वतः, खिळे ओठांत धरून, कडी ठोकून दिली. मी आत जाऊन ती लावून पाहिली. मग उघडली. मग तिथेच दारात बसून रडले, आणि लेआबाई मला रडू देऊन शेंगा निवडायला निघून गेल्या.

संध्याकाळी डांगर मी चिरलं आणि भाजी मी केली. मुली पंगतीत बसल्या. एकेकीनं आपापला उपकार सांगितला. कोंबडी पळाली आणि सापडली, हा उपकार तिघींनी सांगितला. मग पहिला घास सगळ्यांनी एकदम घेतला, आणि पंगत एकदम गप्प झाली. मी हातात पळी घेऊन उभी होते. मी ती दोन्ही हातांनी धरली.

‘मेट्रनबाई,’ टोकाची एक लहानशी मुलगी म्हणाली, ‘भाजी लई खारट झालीया.’

‘पानी पी,’ लेआबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपलं ताट माझ्यापुढे केलं. ‘मला आनखी वाढ.’